पाहुण्यांपुढचं पथ्य

पथ्य सुरू करायला मी सोमवार निवडला. (घोळ घालायचा असला की मी वार नेहमी चांगला बघतो.)

गिरणीच्या कचेरीत मी कारकून. साहेबापुढे वाकताना माझ्या कोटाचं बटण तुटलं आणि थेट त्याच्या दौतीत पडलं, तेव्हा मी डॉक्टर गाठला. डॉक्टर नवा, विलायती पुस्तकं वाचणारा. माझ्या पोटावर टिचकी मारून म्हणाला, "पहिला टप्पा कडक. भाकरी, भात, गूळ, साखर बंद. ताक, पालेभाजी, शेंगदाणे खा. एक घास चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून!"

घरी बायकोने, जगदेवीने, कपाळाला हात लावला. "अवं, गुरुवारी आपल्या कमलला बघाय पाव्हणं यायचेत. पाव्हणं गेल्यावर सुरू करा की!"

"निश्चय म्हणजे निश्चय," मी म्हणालो. (आयुष्यातला पहिलाच निश्चय, त्यामुळे त्याचं कौतुक फार.)

गुरुवारपर्यंत माझी अशी दशा झाली की शेजारी भाकरी थापल्याचा आवाज आला तरी डोळे भरून येत.

स्थळ मात्र सोन्यासारखं. मुलगा अक्कलकोटला शाळामास्तर, आणि एका लग्नात पाहिल्यापासून कमलच्याही मनात भरलेला. त्याचे वडील गुरप्पा, कापसाचे व्यापारी. आमच्या दारातून आत येताना जरा तिरके झाले, तेव्हा मावले.

मुलगी पसंत पडली. पानं मांडली. सगळ्यांना पुरणपोळी, वर तुपाची धार. माझ्यापुढे मेथी आणि ताक.

गुरप्पांचा हात थांबला. "एन री, काय वो मल्लप्पा, तुमी गोड खाईना? नवस हाय काय?"

"नाही, डॉक्टरने बंद केलंय."

"मंजे रोग! साखरेचा!" त्यांनी मुलाकडे पाहिलं. "ह्यो वंशात उतरतो म्हनं."

तेव्हाच मी एक पोळी मोडली असती तर सगळं मिटलं असतं. पण पहिला टप्पा! मी मेथीचा घास घेतला. दाराआडून जगदेवी घाबरून म्हणाली, "रोग न्हाय वो! नुस्तं पोट कमी करत्यात. येवढं पोट घिऊन चारचौघांत बसाय लाज वाटती म्हनत्यात."

गुरप्पांनी हळूहळू खाली पाहिलं. पोट आड येत असल्यामुळे त्यांना पान काही दिसलं नसावं.

मी सावरायला गेलो. "तुमचं तसं नाही हो! तुम्हाला शोभतं!"

गुरप्पा उठले. उठताना दोघांना हात द्यावा लागला, त्यामुळे राग आणखी वाढला. मी टांग्यापर्यंत धावलो. "अहो, खातो! आत्ता खातो!"

"खावा की," गुरप्पा म्हणाले, "आमच्या वाटनीचीबी खावा." मास्तराने एकदा मागे वळून पाहिलं, माझ्याकडे नव्हे. (पुढे बार्शीची मुलगी केली त्याने.)

कमल न्हाणीत भांडी घासत बसली, एकही तांब्या न आपटता. तिने आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसलो. शेजारी पोळ्यांचा ढीग तसाच होता. "पोरीचं वाटोळं केलं मी," म्हणता म्हणता डोळे वाहू लागले, आणि मी मनातलं सगळं बोलत सुटलो.

जगदेवीने कान जवळ आणला. मग म्हणाली, "रडायचं तर रडा, पर आदी तोंडातली पोळी गिळा. काय म्हनताय त्येच कळंना."