हेडबाईंच्या हातात डाव

“मी रडणार नाही, फोन करणार नाही आणि भेटायला तर मुळीच जाणार नाही!”

थोरलीला कॉलेजच्या हॉस्टेलवर सोडून आल्या आल्या आईने जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे अगदी जिन्यात उभं राहून केलं. कारण वरच्या मजल्यावर जाऊबाई राहत होत्या आणि त्यांचं दार उघडं होतं. “माझ्या मुलांना मी स्वावलंबी केलंय. रडारड करायला मी काही शाळेत घातलं नव्हतं त्यांना!”

हे मात्र खरं. घातलंच नव्हतं. दोन्ही मुलं शिकली ती घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शाळा भरल्याची घंटा म्हणजे ताटावर चमचा. शिक्षकवृंद म्हणजे आई. पण मुलांना एकाच तोंडाचा कंटाळा येऊ नये म्हणून तिने एक युक्ती काढली होती. गणिताला डोळ्यांवर चष्मा, इतिहासाला अंगावर शाल, कवायतीला गळ्यात शिट्टी! दर तासाला ती आतल्या खोलीत जायची आणि “नमस्कार मुलांनो, मी तुमची नवी बाई,” म्हणत बाहेर यायची. जाऊबाई येता-जाता विचारायच्या, “अगं, पण ही मुलं माणसांत कशी येणार?” त्यावर आई म्हणायची, “येतील तेव्हा बघालच!”

तर थोरली माणसांत गेली. आणि तिथेच राहिली!

पहिला आठवडा रोज फोन आला. दुसऱ्या आठवड्यात मेसेज आले. तिसऱ्या आठवड्यात आईने मोबाइलवर लांबलचक मजकूर पाठवला. जेवतेस का, झोपतेस का, खिडकी लावतेस का, प्राध्यापक बरे आहेत का, मैत्रिणी मिळाल्या का? त्यावर संध्याकाळी उत्तर आलं, “हं.”

“हं!” आईने मोबाइल बाबांच्या नाकासमोर धरला. “एवढी वर्षं व्याकरण घोटून घेतलं आणि वाक्य काय, तर हं! ह्याच्यात कर्ता कुठाय? कर्म कुठाय? क्रियापद तरी दाखवा!”

“अगं, मुलं सुखात असली की उत्तरं आखूड येतात,” बाबा पेपरातून म्हणाले.

“आणि संकटात असली की?”

बाबांनी जरा विचार केला. “तेव्हाही आखूडच येतात म्हणा.”

झालं! आईची झोप उडाली. रिकाम्या टेबलाकडे बघून तिला भडभडून येऊ लागलं. भरीस भर म्हणून धाकट्याने त्याच आठवड्यात सांगून टाकलं, की पुढच्या वर्षी त्यालाही खऱ्या शाळेत जायचंय.

“का रे? इथे काय कमी आहे?”

“मला मागच्या बाकावर बसायचंय, आई. आपल्याकडे मागचा बाकच नाही.”

पोटचं पोर बाक मागतंय! आपण आयुष्यभर जे उभं केलं त्याला मागची बाजूच नव्हती, हे कळल्यावर आई बराच वेळ गॅसपाशी नुसती उभी राहिली. दूध उतू गेलं तेव्हा कुठे हलली.

शेवटी तिला निमित्त सापडलं. थोरली आपली उशी घरीच विसरली होती! आता उशीशिवाय मुलीला झोप कशी येणार? भेटायला कुठे जायचंय, नुसती उशी द्यायची आणि परत फिरायचं. त्याला काही भेट म्हणत नाहीत. “कुठे निघालीस गं?” जाऊबाईंनी जिन्यात हटकलंच. “कापूस पिंजायला टाकते,” असं म्हणून आई उशी बगलेत मारून बसमध्ये बसली.

हॉस्टेलच्या फाटकावर पहारेकऱ्याने उशी दोन्ही बाजूंनी दाबून पाहिली. “पालकांची भेट फक्त रविवारी.”

“मला भेटायचं नाहीये. उशी द्यायचीय.”

“उशीची भेटही रविवारीच.”

“अहो, माझी मुलगी आहे आत!”

“बाई, आत सगळ्या कुणा ना कुणाच्या मुलीच आहेत.”

आईने हॉस्टेलला एक चक्कर मारली. मागच्या बाजूला दुसरं फाटक होतं. ते सताड उघडं होतं आणि तिथे भाजीचा टेम्पो रिकामा होत होता. ती बिचकत बिचकत आत पाऊल टाकते न टाकते, तोच एक भरभक्कम बाई कमरेवर हात ठेवून समोर आल्या. ह्या होत्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. सगळ्या त्यांना अक्का म्हणत, आणि ‘क्का’वर जरा जास्तच जोर देत.

“आलात? किती हा उशीर! बदली बाई सकाळीच पाठवतो म्हणाले होते ऑफिसातले!”

“नाही हो, मी आई आहे!”

“इथे सगळ्या आयाच आहेत! एप्रन घाला!”

“अहो, माझी उशी…”

“उशी?” अक्कांनी कपाळावर हात मारला. “पहिल्याच दिवशी उशी घेऊन कामावर! मागची बाई निदान चार दिवसांनी झोपायला लागली होती. ठेवा ती तांदळाच्या पोत्यावर आणि बटाटे सोलायला बसा!”

आता सांगायचं म्हणजे, आईला कुणी ठणकावून सांगायची सवयच राहिली नव्हती. घरात ठणकावणारी तीच. त्यामुळे ती जी भांबावली, ती थेट बटाट्यांसमोर जाऊन बसली. मग तिच्या मनात आलं, की हे काही वाईट नाही. जेवायला पोरगी इथेच येणार. लांबून डोळे भरून पाहीन, उशी देईन आणि मागल्या दाराने निघून जाईन.

बटाटे किती होते विचाराल, तर डोंगर पोखरायला काढला होता म्हणा! सोलून सोलून अंगठा वाकडा झाला. तेवढ्यात घंटा झाली. खरी, पितळी, दणदणीत घंटा! आईला वाटलं, आपलं ताट-चमच्याचं काहीच नव्हतं हिच्यापुढे. अक्कांनी तिच्या केसांवर जाळीदार टोपी चढवली, हातात डाव दिला आणि वाढण्याच्या खिडकीशी, रश्श्याच्या पातेल्यामागे उभं केलं.

मुलींची रांग आली. काय तो कलकलाट! त्यात थोरली दिसली. केस कापले होते तिने! न विचारता! दोन्ही बाजूंना मैत्रिणी, आणि ती मान वाकडी करून हसत होती. घरी ती अशी कधी हसलेली आईला आठवेना. रांग पुढे सरकली. आता बघेल, आता बघेल, आता ओळखेल…

थोरलीने ताट पुढे केलं आणि मैत्रिणीकडे बघतच म्हणाली, “कमी वाढा हं, मावशी.”

आणि गेली!

मावशी! नऊ महिने पोटात, आणि त्यानंतरचा सगळा जन्म पदरात वाढवलेली पोर ताट घेऊन गेली, आणि मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पुढच्या मुलीला तिने चुकून तीनदा वाढलं.

नशीब असं, की थोरली आणि तिच्या तिघी मैत्रिणी बसल्या त्या खिडकीजवळच्याच टेबलावर. शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“ए, तुझी शाळा कशी होती गं? सांग ना पुढचं!” एक म्हणाली.

आईने कान टवकारले. आता पोरगी सांगणार, मी शाळेत गेलेच नाही, माझ्या आईनेच मला सगळं शिकवलं! आईने आधीच नम्रपणे मान खाली घातली.

“आमची शाळा छोटीशीच होती,” थोरली म्हणाली. “पण बाई होत्या ना, एकेक नग! गणिताच्या बाईंचं गणित चुकलं की म्हणायच्या, मी मुद्दाम चुकवलं, तुमचं लक्ष आहे का बघायला!”

टेबलावर हशा पिकला. आईने मान झटकन वर केली.

“आणि कवायतीच्या बाई? तीन उड्या मारायच्या आणि धापा टाकत म्हणायच्या, आता तुम्ही मारा, मी मोजते! इतिहासाच्या बाई तर लढाई ऐन रंगात आली की उठून पळायच्या. कुकरची शिट्टी झाली म्हणून!”

“शाळेत कुकर?”

“म्हणजे… मधल्या सुट्टीचं जेवण शाळेतच असायचं ना!” थोरलीने वेळ मारून नेली. “पण सगळ्यांत भारी चित्रकलेच्या बाई. एकदा त्यांनी घोडा काढला, आणि अख्ख्या वर्गाने तो कुत्रा म्हणून रंगवला!”

अख्खा वर्ग म्हणजे ही आणि हिचा भाऊ! आईच्या डोक्यात तिडीक गेली. गणित गिळलं तिने, उड्याही गिळल्या. पण त्या घोड्यासाठी तिने अख्खी दुपार घालवली होती!

“तो घोडाच होता!”

डाव पातेल्यात दाणकन आपटला. रस्सा उसळला तो समोरच्या मुलीच्या ताटात, बाहीवर आणि काही थेंब थेट अक्कांच्या कपाळावर! सगळा हॉल चिडीचूप. थोरलीने मान वर केली. आधी डाव पाहिला, मग टोपी, मग टोपीखालचा चेहरा. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“मावशी, तुम्हाला काय माहीत?” एका मैत्रिणीने आश्चर्याने विचारलं.

थोरली नुसती बघत राहिली. लहानपणी काही सांडलं-फुटलं की बघायची, तशीच. एका शब्दाचा अवकाश, की तिची अख्खी शाळा कोसळणार होती. खरं बोलावं, हे आईने दोघा मुलांना एखाद्या पाढ्यासारखं घोकून घोकून शिकवलं होतं.

“मी… मी त्याच शाळेत होते,” आई म्हणाली. “शिपाई. घंटा द्यायचे.”

“अय्या! मग हेडबाई कशा होत्या हो? त्यांचं ही काही सांगतच नाही!”

“हेडबाई?” आईने टोपी डोळ्यांवर ओढली. “अतिशहाण्या! कुणाचं ऐकतील तर शपथ. सगळं आपल्यालाच येतं असं वाटायचं त्यांना.”

“एवढ्या काही वाईट नव्हत्या,” थोरली ताटात बघत पुटपुटली.

“होत्या!”

“नव्हत्या!”

“मी रोज बघत होते त्यांना!”

“मीही रोजच बघत होते!”

मैत्रिणी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. टेनिसच्या मॅचला बसल्यासारख्या! तेवढ्यात अक्का कपाळ पुसत गरजल्या, “ओ नव्या बाई! तुमची शाळा सुटली! रांग खोळंबलीय!”

जेवणं आटोपल्यावर थोरली मागच्या दाराशी आली.

“आई, तू इथे काय करतेस?”

“उशी द्यायला आले.”

“उशी द्यायला एप्रन लागतो?”

आईने पोत्यावरची उशी लेकीच्या हातात दिली. थोरलीने ती पोटाशी धरली.

“पहिल्याच दिवशी सगळ्या आपापल्या शाळेबद्दल बोलायला लागल्या,” ती हळूच म्हणाली. “मला काही सुचेना. म्हणून एक बाई सांगितली. मग दुसरी सांगावी लागली.”

“आणि एकही धड सांगता आली नाही तुला?”

“चांगल्या बाईंच्या गोष्टीला कुणी हसत नाही गं.”

“आता खरं सांगून टाक त्यांना.”

“सांगेन. जरा ओळख वाढू दे.” थोरली दोन पावलं गेली, मागे वळली. “रविवारी ये ना. पुढच्या फाटकाने.”

“येते! पण आई म्हणून येऊ, की शिपाई म्हणून?”

थोरली विचारात पडली. चांगली या पायावरून त्या पायावर होत विचारात पडली.

“शिपाई सगळ्यांना फार आवडलेत गं, आई.”

आणि उशी घेऊन ती पळाली. आई तिथेच पोत्यावर मटकन बसणार, एवढ्यात अक्कांनी काखेत हात घालून तिला उठवलं. “इथे झोपायचं नाही हं! ती पातेली कोण घासणार?”

आता खरं सांगावं, तर थोरलीचं बिंग फुटणार! आईने निमूटपणे बाह्या सरसावल्या. एका पातेल्याचा तळ घासायला तर तिला कमरेपर्यंत आत उतरावं लागलं. आत बराच काळोख होता आणि घुमतही होतं. तिथे ती थोडी रडून घेऊ शकली. बाहेर कुणाला कळलं नाही, नुसतं पातेलं घुमल्याचं ऐकू आलं.

घरी पोचली तेव्हा बाबा दारातच उभे होते, आणि जिन्याच्या कठड्यावरून जाऊबाईंचं डोकं डोकावत होतं.

“मग?” बाबांनी तिच्या रिकाम्या बगलेकडे बघत विचारलं. “कसं काय वाटलं कॉलेज?”

आईने कंबर धरली आणि पहिल्याच पायरीवर बसली.

“भांडी फार मोठी आहेत हो!”