छत्रीबद्दल बहिणीला माफी

शिंपीणबाईंचा उजवा खांदा नऊ वर्षं दुखत होता. संध्याकाळी मशीन बंद झालं की शेजारच्या गल्लीतली थोरली बहीण यायची, तेल कोमट करायची आणि खांदा चोळता चोळता जगाची उणीदुणी काढायची. तासभर बरं वाटे. हा उपाय शास्त्रीय नसल्यामुळे बाई वेदना व मन संशोधन केंद्रात गेल्या.

संशोधकांनी खांद्याला हात लावला नाही. अर्ज पुढे केला. "नात्यातला राग अंगात साठतो. माफ केलं की दुखणं उतरतं, असं आमचं गृहीतक आहे. तुमचा कोणावर राग आहे?"

"कोणावरच नाही हो. मशीनपुढचं स्टूल जरा बुटकं आहे."

"स्टुलाला माफ करता येत नाही," संशोधक गंभीरपणे म्हणाले. "रक्ताचं नातं लिहा. रकाना रिकामा चालत नाही."

बाईंनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि भीतभीत बहिणीचं नाव घातलं. अपराध : निळी छत्री नेली, परत दिली नाही. साल आठवेना, ते कारकुनाने अंदाजे टाकलं.

नियमाप्रमाणे बहिणीला नोटीस गेली : 'आपणांस माफ करण्याचे योजिले आहे. सात दिवसांत अपराध मान्य करावा, अन्यथा माफी पोचती करता येणार नाही.'

बहीण नोटीस फडकवतच आली. "मला माफ करतेस? मी काय तुझं घोडं मारलंय? छत्री माझीच होती!"

"अगं ताई, नुसती सही कर. औषध समज."

"तुझं औषध मी का पिऊ?" म्हणून ती तरातरा निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. खांदा दुपटीने ठणकू लागला आणि बाईंना पहिल्यांदाच बहिणीचा खरोखर राग आला.

संशोधक हरखून गेले. "बघा, राग होताच! आम्ही फक्त वर काढला."

मग सहा आठवडे उपचार. सही न आल्यामुळे बहिणीऐवजी रिकाम्या खुर्चीकडे बघून 'तुला माफ केलं' असं रोज चाळीसदा म्हणायचं. खुर्चीने काही मनाला लावून घेतलं नाही. शेवटी प्रश्नावली आली : दुखणं कमी, खूप कमी, की आठवत नाही? उजवा हात उचलेना, म्हणून बाईंनी डाव्या हाताने 'खूप कमी'वर खूण केली.

बाहेर बाकावर गळ्यात पट्टा घालून बहीण बसली होती.

"ताई, तू?"

"नोटीस आली तेव्हापासून मान धरलीय. हे केंद्रवाले म्हणतात, कोणाला तरी माफ कर. मग तुझंच नाव दिलं. सही लागेल तुझी."

बाई शेजारी टेकल्या. बहिणीचा हात सवयीने त्यांच्या खांद्यावर गेला.

"हात काढा!" कारकून ओरडला. "प्रयोग चालू असताना नातेवाइकांनी एकमेकांना दाबायचं नाही. निष्कर्ष बिघडतात."

दोघी हातभर अंतर ठेवून बसल्या.

अहवाल छापून आला : यश शंभर टक्के. केंद्राला आता नवे रुग्ण हवे आहेत, आणि दुखणं असण्याची अट नाही. हे वाचता वाचता तुमच्या मनात घरातलंच एक नाव येऊन गेलं ना? तेवढ्यावर नोटीस निघते.