तळाशीलकरांच्या पिवळ्या बांगड्या

तळाशीलकर साहेब उजव्या हातात बांगड्या घालायचे. पिवळ्या, प्लॅस्टिकच्या, मनगटापासून पार कोपरापर्यंत. पन्नाशीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि हात हलवला की खडखड. अंधेरीच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर खात्याचा शिपाई म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी मला वाटलं, कसला तरी नवस असेल. विचारायची हिंमत झाली नाही. मी लोणारकडचा, नववीत शाळा सोडलेला. हातची नोकरी जाऊ नये म्हणून त्या काळात मी शिंकायचोसुद्धा विचारून.

साहेबांनीच सांगितलं. "ह्या बांगड्या नाय रे, रिंगा आहेत. हे बघ." त्यांनी कॉम्प्युटरच्या टेपचं भलंमोठं रीळ उलटं केलं. पाठीमागे एक गोल खाच होती. त्या खाचेत पिवळी रिंग बसवली तरच मशीन टेपवर नवं काही लिहायचं. रिंग काढली की टेप नुसती वाचता यायची, पुसता यायची नाही. कारखान्याचे पगार, माल, गिऱ्हाइकं, सगळं त्या टेपांवर. कॉम्प्युटर बिघडला तर ह्या टेपा वाचून सगळं परत भरायचं. आणि ह्या टेपा जपायचं काम साहेबांचं.

"रिंग टेपला राहिली की कोणीतरी हुशार माणूस येतो आणि पुसून टाकतो," साहेब म्हणाले. "म्हणून रिंग माझ्या हातात. ज्याला लिहायचंय त्याने माझ्याकडे यायचं आणि कारण सांगायचं."

एकदा मोठे साहेब स्वतः आले. घाई होती, एका टेपवर काहीतरी उतरवायचं होतं.

"तळाशीलकर, एक रिंग द्या."

"कुठल्या टेपसाठी?"

"अहो, कोरी आहे ती."

"सगळे तसंच म्हणतात. आधी वाचून बघू."

तळाशीलकर शेवटच्या फुटापर्यंत वाचणार, हे मला माहीत होतं. मोठे साहेब घड्याळाकडे बघत उभे, मशीन घरघरतंय, साहेब हात पाठीमागे बांधून टेपकडे बघतायत. कुणालाही वाटेल, आता त्या टेपवर काहीतरी मोलाचं सापडणार आणि मोठ्या साहेबांची मान खाली जाणार. टेप कोरी निघाली. अगदी कोरी करकरीत. मोठे साहेब लाल झाले. तळाशीलकरांनी शांतपणे हातातली एक रिंग उतरवून दिली आणि म्हणाले, "आज कोरी निघाली."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. तुम्ही काहीही दाखवा, पेन, छत्री, लग्नपत्रिका, ते विचारणार, "आहे? मग दुसरं कुठाय?" त्यांची स्वतःची एक छत्री घरी, एक ऑफिसात आणि एक मुलुंड स्टेशनाजवळच्या इस्त्रीवाल्याकडे असायची. दर टेपची दुसरी प्रत निघायची आणि ती कांजूरमार्गच्या आमच्या गोदामात जायची. ती न्यायचं काम माझं. पत्र्याच्या पेटीत टेपा, पेटीला कुलूप, पेटी मांडीवर.

"एवढ्या लांब कशाला साहेब?" मी एकदा भीतभीत विचारलं.

"आग लागली तर अंधेरीला लागेल. कांजूरला जायला तिला बसचं तिकीट काढावं लागेल."

पेटीत काय आहे हे कुणाला सांगायचं नाही, हाही नियम. कंडक्टरने विचारलं तर सांगायचं, साहेबांचा डबा. एका कंडक्टरने पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब खातो किती रे तुझा? बकासुर आहे काय?" सगळी बस हसली. मी पेटी घट्ट धरून बसलो.

टेपांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एकाची किल्ली साहेबांकडे. दुसऱ्याची किल्ली त्यांनी एक दिवस माझ्या हातात ठेवली. खात्यात बीकॉम, एमएस्सी झालेली माणसं होती. मी म्हटलं, "साहेब, माझ्यावर एवढा विश्वास..."

"तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाय देत. माझ्यावर नाय म्हणून देतोय. एकट्याला उघडता आलं नाय पाहिजे. मलापण."

ती किल्ली मी करदोट्याला बांधली. माझ्या घराण्यात एवढी मोठी वस्तू त्याआधी कुणाकडे आली नव्हती. पण तिच्यापायी एक पंचाईत झाली. साहेब माझ्याबरोबर कधी रिक्षात बसेनात. दोन किल्ल्या एका रिक्षात नकोत, उलटली म्हणजे? कँटीनमध्ये मी मासे घेतले तर ते डाळ घ्यायचे. "दोघांचं पोट एकदम बिघडलं तर कपाट कोण उघडणार, तुझा आजोबा?" मग मी एका टोकाच्या टेबलावर आणि ते दुसऱ्या टोकाच्या, असे जेवायचो. लांबून मला विचारायचे, "काय घेतलंस?" मी ओरडून सांगायचो, "वांगं!" मग ते वांगं सोडून काय असेल ते घ्यायचे.

शनिवारी ते कपाटातली कुठलीही एक टेप काढायचे आणि मशीनवर वाचून बघायचे. मी म्हणायचो, "साहेब, आपणच ठेवलीय ना?" ते म्हणायचे, "ठेवलं म्हणजे राहिलं असं नाय. वाचून बघितलं म्हणजे राहिलं."

अशात गावाहून माझ्या आईची कॅसेट आली.

आईला लिहिता येत नाही. गावात बदलून आलेल्या मास्तरांकडे टेपरेकॉर्डर होता, त्यांनी तिला समोर बसवून भरून दिली. मुंबईत येऊन मला सहा महिने होत आले होते. पर्मनंट होईपर्यंत रजा नव्हती आणि दिंडोशीच्या खोलीत अधूनमधून मला इतकं भरून यायचं की पिशवी भरावी आणि निघावं. ती कॅसेट आल्यापासून मी पिशवीकडे बघायचं सोडलं. आईला यंत्राची ओळख नाही. तिला वाटलं, मी पलीकडून बोलणार. "उत्तमा, जेवला का रे बाबू?" असं विचारायची आणि थांबायची. मागे कोंबड्या ओरडतायत आणि आई थांबलीय. मग आपणच म्हणायची, "बरं. वल्ल्या कपड्यानं फिरू नोको." पुन्हा थांबायची.

मी साहेबांना हे कौतुकाने सांगितलं. त्यांनी विचारलंच, "दुसरी कुठाय?"

"दुसरी कुठली साहेब? आई एकच आहे."

"उद्या घेऊन ये."

मुलुंडच्या त्यांच्या घरी दोन खणांचा, एका कॅसेटवरून दुसरी उतरवणारा टेपरेकॉर्डर होता. तिसऱ्या दिवशी माझी कॅसेट परत मिळाली, पण तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात मोडलेले. "तिची रिंग काढलीय," साहेब म्हणाले. "आता हिच्यावर कोणी काय भरू शकत नाय. एक प्रत दिंडोशीला, एक मुलुंडला. जा, निवांत झोप."

मी निवांत झोपलो. पण माझ्या खोलीतला शांताराम हुशार निघाला. गणपतीत मंडळाचा ऑर्केस्ट्रा होता आणि त्याला कोरी कॅसेट मिळेना. मी कामावर गेलेलो असताना त्याने माझी घेतली, मोडलेल्या दातांच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि दोन्ही बाजू भरून आणल्या. रविवारी सकाळी मी बटण दाबलं तर आईच्या जागी ढोलकी.

"शांत्या, हे काय केलंस रे!"

"झकास आलंय ना? दात मोडले होते कोणीतरी. मी पट्टी मारली, चालू झाली, यार." माझं तोंड बघून त्याने बटण बंद केलं. "काय होतं त्यात?"

"आई होती."

तो मटकन खाली बसला. "वाट लागली," म्हणाला. मास्तरांची बदली झाल्याचं नुकतंच कळलं होतं, म्हणजे गावात आता टेपरेकॉर्डरच नाही. उरली फक्त मुलुंडची. आणि तिलाही काही झालं असलं तर? मी चप्पल घातली आणि निघालो.

मुलुंडला साहेबांची चाळ विचारत विचारत पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दार नुसतं लोटलेलं. कडी वाजवायला हात उचलला आणि तसाच राहिलो. आतून माझी आई बोलत होती.

"जेवला का रे बाबू?"

मग कोंबड्या. आणि मग, त्या थांबलेल्या जागेत, साहेबांचा आवाज.

"होय गो आये, जेवलंय."

"बरं. वल्ल्या कपड्यानं फिरू नोको."

"नाय गो. छत्री आसा."

मी मोठ्याने खोकलो. आत बटण खटकन बंद झालं. साहेब दारात आले. अंगात बनियन, हातात एकही रिंग नाही. तो हात मला फार बारीक वाटला.

"टेस्टिंग करीत होतो," ते म्हणाले. "दर रविवारी वाचून बघावी लागते."

"हो साहेब," मी म्हटलं, आणि शांतारामचा पराक्रम सांगितला. ते चिडतील असं वाटलं होतं. ते खुशच झाले. "चिकटपट्टी! डोकं बघ माणसाचं. म्हणून सांगतो, नुसते दात मोडून भागत नाय. दुसरी पाहिजे." लगेच माझ्यासाठी तिसरी प्रत काढायला बसले.

मी खोलीभर बघत होतो. भिंतीला दोन पाट, फळीवर दोन ताटं, दोन तांबे, खुंटीला दोन पंचे. सगळं दोन. साहेबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाल्याचं ऑफिसात कुणीतरी बोललं होतं. घरात दुसरा आवाज म्हणून नव्हता. त्यांचाच प्रश्न माझ्या ओठांवर आला आणि मी तो गिळला.

"जेवून जा," साहेब म्हणाले. "पेडव्याचं तिखलं आहे, ताजे मासे." मग एकदम थबकले. "किल्ली कुठाय तुझी?"

"करदोट्याला."

"ती शेजारच्या जोशीकाकूंकडे ठेवून ये. मग बस."

मी ठेवून आलो. पहिल्यांदा आम्ही एका भांड्यातलं जेवलो.

दिवाळीच्या आधी मी पर्मनंट झालो आणि रजा मिळाली. साहेबांनी त्यांचा तो टेपरेकॉर्डर गोधडीत गुंडाळून माझ्याबरोबर दिला आणि कोऱ्या कॅसेट दिल्या, अर्थात दोन. गावी मी आईला साहेबांचं सगळं सांगितलं. रिंगांचं, कपाटाचं, तीन छत्र्यांचं. ती तोंडाला पदर लावून हसली. मग भरायला बसली.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी टेपरेकॉर्डर घेऊन मुलुंडला गेलो. कॅसेट लावली. गाय व्याली होती, काका भांडला होता, मिरच्या वाळत घातल्या होत्या. साहेब मान डोलवत ऐकत होते. मग आई म्हणाली, "आन ते बांगड्यावाले सायेब रे? येकलेच रायतात म्हन्तं. ते जेवले का?"

आणि थांबली.

कोंबड्या ओरडल्या. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, टेपरेकॉर्डरकडे बघितलं. आई वाट बघून बघून "बरं" म्हणाली आणि पुढे गेली. साहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"जरा मागे घे रे. नीट उतरलंय की नाय, वाचून बघूया."

मी कॅसेट मागे नेली, बटण दाबलं आणि पाणी आणतो म्हणून आतल्या मोरीकडे गेलो. दोन तांबे होते. मी दोन्ही भरले, आणि भरायला जरा जास्तच वेळ लावला.