हत्तीचं पान कुठं ठेवावं

एका जंगलात एक हत्ती होता. नीट ऐका रे, मध्येच खाऊ मागायचा नाही.

त्याचं नाव तुंबाजी. त्याला सगळं पाठ. कुणाचं बीळ कुठं, कुणाचं मधाचं पोळं कुठल्या झाडावर, काय हरवलं आणि कुणाला सापडलं, काहीही विचारा. शहरात राहून आलेले पिसारेसाहेब, म्हणजे मोर, तुंबाजीला 'डेटाबेस सर्व्हर' म्हणत. आपण हत्तीच म्हणू.

तुंबाजी झोपेतून उठला की एक पान वाचायचा. कुणाला उत्तर द्यायचं, एका वेळी कितीजणांशी बोलायचं, हे सगळं त्यावर लिहिलेलं. पुन्हा झोपून उठेपर्यंत तो तसाच वागायचा. पिसारेसाहेब त्या पानाला 'कॉन्फिगरेशन फाइल' म्हणत. म्हणू देत बापडे.

तर हे पान ठेवायचं कुठं? यावर सात वर्षं बैठका चालल्या होत्या.

मुसंडेमामा, म्हणजे रानडुक्कर, म्हणायचे, "हत्तीचं पान हत्तीच्या गोठ्यात! उद्या हत्तीला दुसरीकडे हलवलं, तर पान बरोबर जाईल."

"छे! गावंढळपणा नुसता," पिसारेसाहेब म्हणायचे. "जंगलातली सगळी पानं वडाच्या ढोलीत. शोधणाऱ्याला एकच जागा. स्वच्छ काम!"

शेवटी तोडगा निघाला. एक पान गोठ्यात, एक ढोलीत. आणि तळ्याकाठी नुसता बाण काढलेलं तिसरं पान, 'पान ढोलीत आहे' असं सांगणारं. सगळे खूश.

एकदा ओढ्याला पूर आला. वरच्या डोहातल्या शेवंता पाणमांजरीचं पिल्लू वाहून गेलं. ती धापा टाकत तुंबाजीकडे आली.

"भाऊ, माझं पोर दिसलं का हो कुणाला?"

तुंबाजीचे डोळे भरून आले. "बाई, तुमचं नाव पानावर नाही. मला सांगता येत नाही."

शेवंता ढोलीकडे पळाली. पिसारेसाहेबांनी सुंदर अक्षरात तिचं नाव लिहून दिलं. तुंबाजी झोपला, सकाळी उठला. शेवंता पहाटेपासून समोर उभी.

"नाव नाही, बाई."

"हे होणारच होतं!" असं म्हणत मुसंडेमामांनी गोठ्यातल्या पानावर नाव लिहिलं. तुंबाजी पुन्हा झोपला, पुन्हा उठला.

"नाव नाही, बाई."

मग तातडीची बैठक भरली. शाई कच्ची होती का, यावर दुपारपर्यंत चर्चा झाली. शेवंता कोपऱ्यात बसून रडत होती. दोन दिवस तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. शेवटी तिचं डोकंच फिरलं. ती उठली आणि तडक तुंबाजीपुढे जाऊन उभी राहिली.

"अहो भाऊ, तुम्ही पान वाचता तरी कुठलं?"

"हे काय, डाव्या कानामागचं," तुंबाजी म्हणाला. "आजोबांच्या वेळेपासून तिथंच असतं."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलंच नाही."

शेवंता सरसर त्याच्या पाठीवर चढली. कानामागचं पान काढलं, त्यावर नाव लिहिलं. "आता घटकाभर डोळे मिटा बघू, माझ्या राजा!"

तुंबाजीने डुलकी काढली. उठला, पान वाचलं आणि आनंदाने चीत्कारला. "शेवंताबाई! पोर खालच्या तळ्यात कासवाकडे आहे. लवकर न्या हो, दोन दिवसांत त्याने कासवाचं घर डोक्यावर घेतलंय."

शेवंता धावत गेली आणि गुबगुबीत पोराला छातीशी धरून, हसत-रडत परत आली. सगळं जंगल नाचलं. बैठक तेवढी नाचली नाही.

"पिल्लू मिळालं हे उत्तम," पिसारेसाहेब म्हणाले. "पण पद्धतशीर मिळालं नाही."

"अगदी माझ्या तोंडातलं बोललात!" मुसंडेमामा म्हणाले. सात वर्षांत प्रथमच दोघांचं पटलं. दोघांनी कडकडून मिठी मारली.

मग ठराव झाला : पान कुठं आहे, हे यापुढे कुणीही परस्पर हत्तीला विचारू नये. ठराव एकमताने मंजूर झाला, टाळ्या पडल्या. तुंबाजीनेही सोंडेने जमीन थोपटली. भला प्राणी आहे तो.

तात्पर्य : ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याला कधीही प्रश्न विचारू नये. उत्तर लगेच मिळतं, आणि मग एवढ्या शहाण्यांनी दिवसभर करायचं काय?