समितीवरचे टिळेकर

कुणाच्या कडेवर मूल दिसलं की आमचे शेजारी टिळेकर त्याचा गालगुच्चा घेत नाहीत. त्याची शाखा सांगतात. बारशाला गेले तरी पाळण्यात वाकून ‘‘कर्वेनगर’’ म्हणतात आणि मग पेढा उचलतात.

टिळेकरांच्या बालशाळांची साखळी आहे, गावभर शाखा. तिचं नाव इंग्रजी आणि इतकं लांब, की आमच्या सोसायटीचा वॉचमन ते उच्चारताना मधे एकदा श्वास घेतो. ‘दर्जा’ हा त्यांचा लाडका शब्द. चहा, पोहे, जावई, सगळं ते या एका शब्दात निकालात काढतात.

बालशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या सरकारी समितीवर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा लिफ्टची वाट न बघता ते धावत वर आले.

‘‘अहो, आता राज्यातल्या प्रत्येक मुलाला दर्जा मिळणार.’’

‘‘समितीत आणखी कोण?’’

‘‘सगळे आपलेच. शाळावाले.’’

‘‘आणि शिक्षक?’’

‘‘त्यांना नंतर कळवणार आहोत.’’

नियमांचा मसुदा त्यांनी मला वाचायला दिला. रबरी फरशी, भिंतभर स्क्रीन, खोलीखोलीत कॅमेरे, सगळं सक्तीचं. कसा वाटला, म्हणाले. मी म्हटलं, ‘‘तुमच्या माहितीपत्रकासारखा. फक्त फोटो राहिलेत.’’

‘‘घालू की,’’ टिळेकर म्हणाले.

या सक्तीच्या कलमाने सोसायटीच्या मागच्या दोन खोल्यांतली मोरेबाईंची बालवाडी बंद पडणार होती. तिथे चटया, वाळूचा खड्डा आणि मोरेबाई, एवढीच सामग्री.

‘‘म्हणजे जूनपासून मी घरी?’’ बाईंनी टिळेकरांना जिन्यात गाठून विचारलं.

‘‘दर्जा वाढवा, बाई.’’

‘‘वाढवते की. आधी तुमच्यासारखी फी वाढवते.’’

अशात टिळेकरांची मुलगी सासर सोडून लहानग्या ईशानला घेऊन परत आली. आल्यापासून पोरगं बोलेना. आजोबांच्या शाळेत त्याच्या दिमतीला दोन बायका ठेवल्या, तरी तोंड उघडेना. शेवटी मुलीने वडिलांना न विचारता त्याला मोरेबाईंकडे नेऊन बसवलं.

मग एका सकाळी टिळेकर बालवाडीच्या खिडकीखाली ओणवे उभे दिसले. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

‘‘काय शिकवतायत?’’ मी कुजबुजलो.

‘‘काही नाही. ईशान वाळू डब्यात भरतोय, ओततोय.’’ त्यांनी पुन्हा खिडकीतून डोकावून पाहिलं. ‘‘आणि अहो, गातोय.’’

समितीच्या बैठकीत त्यांनी सक्तीचं कलम काढा म्हटलं. आधार काय, अभ्यास कुठला, असं बाकीच्या शाळावाल्यांनी विचारलं.

‘‘माझ्याकडे कुठला अभ्यास?’’ टिळेकर मला सांगत होते. ‘‘मी ईशानचं गाणं म्हणून दाखवलं.’’

‘‘समितीत?’’

‘‘उभं राहून. शब्द नाहीत त्याला.’’

कलम लांबणीवर पडलं. तोवर मोरेबाईंची बालवाडी चालू आहे. पुढच्या बैठकीचं बोलावणं सगळ्यांना आलं, टिळेकरांना नाही. त्यांचा फोनही हल्ली फारसा वाजत नाही.

परवा ते जिन्यात भेटले.

‘‘चूक माझीच,’’ म्हणाले. ‘‘गाणं घाईघाईत नीट म्हटलं गेलं नाही. शेवटी ते असं वर जातं, बघा.’’

आणि भाजीची पिशवी पायरीवर ठेवून ते पहिल्यापासून गुणगुणायला लागले.