दुसऱ्या कोळसासुराचा डावा पाय

कुरिअरवाला दारात आला की आमचे घरमालक गोविंदअण्णा त्याला हेल्मेट काढायला सांगत नाहीत. चार पावलं चालायला सांगतात. फाटकापासून तुळशीपर्यंत आणि परत. मग सही. "चेहरा कुणीही लावतं," ते म्हणतात, "चाल लावता येत नाही."

त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. मी नोकरीनिमित्त सांगलीहून आलेला, त्यांच्या मल्लेश्वरममधल्या घराचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. पहिले सहा महिने ते माझ्याकडेही संशयाने पाहत. कारण मी कधी चपला, कधी बूट घालून जिना उतरे आणि चाल बदले.

आमचं जमलं ते कोळसासुरामुळे. चित्रकथांमधला हा पत्र्याच्या मुखवट्याचा खलनायक तीन चित्रपटांत तीन नटांनी केला. पहिला नुसता हसतो. दुसरा फार ओरडतो. तिसरा कुजबुजतो, आणि अंगावर काटा येतो. सगळे तिसऱ्याला मानतात, अण्णा दुसऱ्याला. का, म्हणून विचारलं की "स्वल्प थांब, बघ" म्हणत आणि त्याचा गच्चीवरून पळण्याचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावत. तोही दार लोटून घेऊन. त्यात मुखवटासुद्धा दिसत नाही, नुसती पाठ. म्हातारा काहीतरी लपवतोय, असं मला वाटू लागलं.

तो तुकडा मी घरी बारकाईने पाहिला आणि चूक सापडली. एरवी ताठ चालणारा कोळसासुर गच्चीवर मात्र डावा पाय ओढतो. हे मी अण्णांना एकट्याला सांगू शकलो असतो. पण गणेशोत्सवात मंडळाने मला 'तीन कोळसासुर' या विषयावर बोलायला बोलावलं होतं, आणि मला टाळ्या हव्या होत्या. पडद्यावर तो तुकडा लावून मी म्हणालो, "या नटाला गच्चीवर गेल्यावर आठवलं, की आपण लंगडे आहोत." सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले अण्णा उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माफी मागायला खाली गेलो. ते ओसरीवर बसले होते.

"बरोबर बोललास तू," ते म्हणाले. "तो नट नव्हेच. आमचा दत्तू तो. धाकटा भाऊ."

दत्तू सिनेमात मारामाऱ्या करायला म्हणून घर सोडून गेला. नटांच्या जागी उड्या मारायचा. चेहरा कधी दिसला नाही, नाव कधी आलं नाही. आता कैक वर्षांत फोनही नाही.

"आणि पाय?" मी विचारलं.

"सायकलवरून मीच पाडलं त्याला. लहानपणी." अण्णा तुळशीकडे बघत होते. "एवढी माणसं त्याच्या पायाकडं बघत होती काल. पहिल्यांदाच."

माफीचे शब्द मी वरून जुळवून आणले होते.

तेवढ्यात फाटक वाजलं. हेल्मेट घातलेला कुरिअरवाला. अण्णा चष्मा सारखा करत उठले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि त्या माणसाचा डावा पाय बघू लागलो. तो तुळशीपर्यंत गेला, परत आला. सरळ चालला.

"सरी, ठीक," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.