ट्रकच्या मागून जेवायला

"या हॉटेलात नको," नंबरकाका म्हणाले आणि त्यांनी गाडी तशीच पुढे दामटली.

पोटात कावळे ओरडायला लागल्यापासून मागे टाकलेलं हे कितवं हॉटेल होतं, ते मोजायचं काकूंनी सोडून दिलं होतं. त्यांनी फक्त पर्स मांडीवर आपटली. मागच्या सीटवर काकांच्या सासूबाई खिडकीशी डोकं टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कॉलेजात जाणारी मुलगी मोबाईल नाचवत होती.

"बाबा, ते चांगलं होतं! साडेचार तारे आहेत त्याला."

"मागच्या खेपेलाही तारेच दाखवलेस. जेवण संपल्यावर ते सगळे तारे माझ्या डोळ्यांपुढे चमकले."

नंबरकाकांचं चष्म्याचं दुकान होतं. गावभरच्या लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढून काढून त्यांना हे नाव चिकटलं होतं. एरवी माणूस साधा, सरळ, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण प्रवासाला निघाला की त्याच्या अंगात यायचं. चांगलं जेवण शोधून काढण्याची आपल्याला उपजत देणगी आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. मागच्या वर्षी या देणगीपायी सगळ्या कुटुंबाला सलाईन लागलं, तरी मत ढळलं नव्हतं. या वेळी मात्र काकूंनी निघतानाच बजावलं होतं, "ही शेवटची संधी. आज फसलात तर यापुढे पोरगी म्हणेल तिथे निमूट जेवायचं. आयुष्यभर."

त्यामुळे काका आज इरेला पेटले होते.

"हे बघा," ते म्हणाले, "आपल्यासारखी माणसं वर्षातून एकदा या रस्त्यानं येणार. आपल्याला फसवलं तर हॉटेलवाल्याचं काय बिघडतं? पण ट्रकवाला! तो रोज बाहेर जेवतो. त्याला कुणी फसवू शकत नाही. ट्रकवाला जिथे थांबेल, तिथे डोळे मिटून थांबावं."

"अहो, डोळे उघडे ठेवून चालवा आधी."

तेवढ्यात एक लाल ट्रक त्यांना मागे टाकून पुढे गेला. काकांनी ड्रायव्हरला ओझरतं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. गुबगुबीत गाल, वळ्या पडलेली मान, आणि स्टिअरिंगला टेकलेलं ऐसपैस पोट!

"हाच!" काका ओरडले. "पोट पाहिलंत? असलं पोट बेचव खाऊन होत नाही! अगं, याला सगळं ठाऊक असणार!"

आणि त्यांनी ट्रकच्या मागे गाडी लावली.

पहिली दोन हॉटेलं ट्रकवाल्यानं ढुंकूनही न पाहता मागे टाकली. "बघितलंत?" काका हरखून म्हणाले. "मला जी नको वाटली, तीच त्यालाही नको वाटली." पुढे ट्रकनं वेग कमी केला. काकांनीही केला. ट्रकनं डावीकडे वळण्याचा दिवा लावला. काकांनीही लावला. मग ट्रक वळलाच नाही.

"भुकेनं भान राहिलेलं नाही बिचाऱ्याला," काका कळवळून म्हणाले.

एक मोठा चौक लागला. ट्रकनं चौकाला पुरता वळसा घातला. काका मागे. ट्रकनं दुसरा वळसा घातला. काका मागेच.

"जावईबापू," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आपण प्रदक्षिणा का घालतोय?"

"दोन चांगली हॉटेलं असतील, आई. कुठल्यात जावं, याचा विचार करतोय तो."

चौक सुटल्यावर ट्रक एकदम रस्त्याच्या कडेला थांबला. काका सभ्य माणूस. तेही मागे अंतर राखून थांबले. ट्रकच्या खिडकीतून ते गुबगुबीत तोंड बाहेर आलं आणि त्यानं मागे वळून पाहिलं. काकांना वाटलं, आता ओळख करून घ्यावी. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला, मग ट्रककडे बोट दाखवलं, आणि मग पाची बोटं जुळवून तोंडाशी नेली. जेवायला जायचं ना, अशा अर्थानं. वर प्रेमानं दातही दाखवले.

तोंड गडप झालं. ट्रक असा सुटला की मागे धुळीचा लोट उठला.

"आयला, काय भूक लागलीय!" काकांनी गिअर टाकला.

"बाबा, तो पळतोय," मुलगी म्हणाली.

"पळणारच! उशीर झाला तर चांगलं चांगलं संपून जातं. घट्ट बसा!"

काकांचं रक्त उसळलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी गाडी कधी अशी हाकली नव्हती. काकू वरची कडी धरून बसल्या होत्या, पण नवल म्हणजे त्यांचेही डोळे चमकायला लागले होते. "उजवीकडे वळला! अहो, उजवीकडे!" त्याच ओरडल्या. ट्रक हमरस्ता सोडून एका छोट्या गावात शिरला, बाजारातून हॉर्न वाजवत निघाला आणि एका मोठ्या फाटकातून आत घुसला. काकाही घुसले.

आतलं दृश्य पाहून त्यांना भरून आलं. पटांगणात ट्रकच ट्रक! रांगेनं उभे. त्यांतच टेम्पो, मोटारसायकली, एक रोडरोलरसुद्धा.

"सांगा आता!" ते काकूंना म्हणाले. "अहो, रोडरोलरवाला इथवर येतो, तो काय उगाच?"

"बाबा, या ट्रकच्या चाकांत हवा नाहीये," मुलगी म्हणाली. "आणि त्या टेम्पोत झाड उगवलंय."

"जेवून सुस्तावतात माणसं. उतरा लवकर."

खाकी कपड्यांतला एक माणूस लगबगीनं पुढे आला. नोकरांना गणवेश आहे, हे पाहून काकांचा आदर आणखी वाढला.

"काय पाहिजे?" त्यानं विचारलं.

"चार माणसं."

"कुणाची?"

"आमचीच की! आणि हात कुठे धुवायचे?"

तो माणूस काही बोलणार, एवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर तिथल्या बैठ्या इमारतीतून बाहेर आला. त्याच्या पुढे कमरेला पिस्तूल लावलेल्या एक उंच बाई होत्या, आणि तो त्यांच्या पाठीमागे, म्हणजे जेवढं मावेल तेवढं, लपला होता.

"हाच तो, मॅडम! याच्याबरोबर पुरी टोळी आहे! ती म्हातारीसुद्धा!"

तेव्हा कुठे काकांनी इमारतीवरची पाटी वाचली. पोलीस स्टेशन. मोठ्या अक्षरांत होती. दुकानात तेवढी अक्षरं कुणाला वाचता आली नसती, तर काकांनी त्याला थेट मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं असतं.

चौघांना आत नेऊन बाकावर बसवलं. इन्स्पेक्टर मॅडम टेबलामागे बसल्या.

"तासभर पाठलाग केला यानं," ड्रायव्हर रडकुंडीला येऊन सांगत होता. "मी हळू केली, यानं हळू केली. मी चौकात फिरलो, हा फिरला. थांबलो तर हात बाहेर काढून म्हणतो, तुला खाऊन टाकीन!"

"मी असं कधी म्हणालो?"

"खूण केली ना! अशी!" ड्रायव्हरनं पाची बोटं तोंडाशी नेली. "आणि दात विचकले!"

मॅडमनी काकांकडे पाहिलं. काकांनी घाम पुसला आणि ट्रकवाले, हॉटेलं, तारे, सलाईन असं सगळं भडाभडा सांगून टाकलं. मॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्यांचे खांदे तेवढे हलत होते.

"ट्रकमध्ये काय आहे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"उशा."

"उशा लुटायला कुणी सासूला घेऊन येतं?"

ड्रायव्हर ओशाळला. "पण मॅडम, मी कशाला यांना हॉटेल दाखवणार? मी बाहेर खातच नाही. माझं पोट नाजूक आहे. मऊ भात आणि दही घरून आणतो."

काकांनी त्या पोटाकडे पाहिलं. आयुष्यात एवढा विश्वासघात त्यांचा कुणी केला नव्हता. काकूंनी मात्र नुसतं मुलीच्या मोबाईलकडे बोट दाखवलं, आणि ते जास्तच लागलं.

"सगळ्यांचे जबाब घ्यावे लागतील," मॅडम म्हणाल्या. "वेळ लागेल."

"माझा आधी घे, बाळ," सासूबाई म्हणाल्या. "मला साखरेचा त्रास आहे. आणखी उपाशी ठेवलंस तर तो माझा शेवटचाच जबाब होईल."

मॅडम दचकून उठल्या. शिपाई मेसकडे धावला, आणि थोड्याच वेळात तिथल्या स्वयंपाकीणबाई स्वतः मोठं पातेलं घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि सगळ्यांच्या माना पातेल्याकडे वळल्या. बटाटे घातलेला मटणाचा दाट रस्सा, वर तेलाचा तांबूस तवंग, शेजारी वाफाळता मोकळा भात आणि फोडलेला कांदा. काकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. दुसऱ्या घासाला त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं!" एवढंच ते म्हणाले. "अहो!" काकू म्हणाल्या. मुलीनं मोबाईल खाली ठेवला. सासूबाईंनी साखरेचा उल्लेख पुन्हा केला नाही. ड्रायव्हर आधी "माझं पोट..." म्हणत होता, मग त्यानं बोटभर रस्सा चाखला, आणि नंतर त्याचं ताट तिसऱ्यांदा भरावं लागलं.

निघताना काकांनी सगळ्यांसमोर ड्रायव्हरची माफी मागितली. मग मॅडमजवळ जाऊन हळूच विचारलं, "मॅडम, हे रोज असतं का? म्हणजे, येताजाता..."

"हे हॉटेल नाही," मॅडम करड्या आवाजात म्हणाल्या. "इथे फक्त कामाची माणसं येतात. तक्रार असेल तर. आणि तुम्ही तर मला पुन्हा दिसूच नका!"

चार दिवसांनी परतीच्या वाटेवर काका अगदी गरीब झाले होते. "तू सांगशील तिथे थांबू," ते मुलीला म्हणाले. ती तारे शोधू लागली. त्या छोट्या गावाचा फाटा आला. काका सरळ जाणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डावीकडे घ्या."

"अगं, मॅडम काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं. म्हणूनच सांगतेय. घ्या डावीकडे."

फाटकाशी तोच शिपाई होता. त्यानं गाडी ओळखली आणि कमरेवर हात ठेवले. "आता काय?"

काकू काच खाली करून म्हणाल्या, "तक्रार द्यायचीय. नवऱ्याविरुद्ध. सकाळपासून उपाशी फिरवतोय. म्हातारी आई साक्षीदार आहे."

"साक्षीला मी तयार आहे," मागून सासूबाई म्हणाल्या.

शिपायानं मिशीवरून हात फिरवला. "गंभीर आहे. मॅडम बाहेर गेल्यात, पण घेऊ लिहून. आत चला. जरा थांबावं लागेल, एक तक्रार चालू आहे."

आतल्या बाकावर उशांचा ड्रायव्हर बसला होता. एका हातात ताट, दुसरा हात रश्श्यात. समोर हवालदार पेन उघडून वाट बघत होता.

"हं, पुढे सांगा. कोण पाठलाग करत होतं?"

ड्रायव्हरनं वर पाहिलं. दारात काका, काकू, मुलगी, सासूबाई. त्याचा घास घशात अडकला. काकांनीही पाऊल मागे घेतलं. मग ड्रायव्हर मुकाट्यानं बाकावर सरकला आणि त्यानं काकांसाठी जागा केली.

"खरं सांगू, साहेब," तो हवालदाराला म्हणाला, "आज मागे कोणीच नव्हतं. पण थोडा भात आणखी सांगा, म्हणजे आठवेलसुद्धा."